गणपती दूध प्यायला, हे तुम्हाला सांगितलं कुणी?

पाटावरवंटा (धागाकर्ती) · गुरुवार, रात्री १०:१२

निमित्त घरचंच आहे. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर परवा मामीने एक व्हिडिओ टाकला. कुठल्याशा देवळातली मूर्ती, डोळ्यांतून पाणी ओघळतंय, मागे घंटानाद आणि खाली ओळ: "हे कोणतंही चॅनल दाखवणार नाही." पाच मिनिटांत माझ्या भाच्याचं उत्तर आलं, "मामीआजी, हे एआयने बनवलंय. पुजाऱ्याच्या उजव्या हाताची बोटं मोज, सहा आहेत." मामी म्हणाली, "तुला सगळं खोटंच दिसतं. पंच्याण्णव साली मी या हाताने पाजलंय." मग धाकट्या काकांनी श्रद्धा-अंधश्रद्धेवरचा हातभर लांब फॉरवर्ड टाकला, तो न वाचताच तिघांनी हात जोडले, भाचा ग्रुप सोडून गेला आणि दोन दिवस झाले, मामीचं 'शुभ सकाळ' बंद आहे. ग्रुप निघाल्यापासून पहिल्यांदाच.

मूर्ती दूध प्यायली की नाही, यावर मला वाद नको आहे. (होणारच, मला इथली मंडळी माहीत आहेत.) मला वेगळंच विचारायचंय. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार, पितृपक्ष चालू. त्या दिवशी ही बातमी तुम्हाला सांगितली कुणी?

मी साताऱ्याला सहावीत होते. वाड्यात एकच फोन, घरमालकांकडे. कल्याणहून मामाचा फोन आला. आई धावत वर गेली आणि खाली आली ती थेट दुधाचं पातेलं शोधत. आमची आई बीएस्सी. पेपरातल्या हवामानाच्या अंदाजावरसुद्धा विश्वास नसलेली बाई. बाबांनी विचारलं, "खरं कशावरून?" ती म्हणाली, "दादा कशाला खोटं बोलेल?"

संपलं. पेपर दुसऱ्या दिवशी यायचा होता, दूरदर्शनच्या बातम्या संध्याकाळी. तोवर आईचं पाजून झालं होतं.


सदाशिवपेठी_उंदीर · रात्री १०:२०

पहिला! चिवड्याचा डबा घेऊन बसलो आहे. शंभरी नक्की.


काळी_माती · रात्री १०:४१

अमरावती. आमच्याकडे खबर आणली ती दूध घालणाऱ्या भय्याने. सकाळी येतो तो माणूस दुपारी आला राजेहो, आणि कॅन रिकामा! म्हणे सगळं अंबादेवीकडच्या रस्त्यावरच संपलं. आमच्या गल्लीतल्या महादेवाच्या देवळात गणपतीची मूर्ती लहान, तिथे गर्दी मावेना, तेव्हा लोकांनी नंदीला पाजायला घेतलं. नंदीही प्यायला. आजी म्हणाली, आज भय्याने दुधात पाणी घातलं नव्हतं, खरा चमत्कार तोच.


डेस्कवरचा_जुना · रात्री ११:३०

धागा उघडला आणि राहवेना. मी त्या वर्षी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. दैनिकाचं नाव विचारू नका.

दुपारी बारापासून फोन सुरू. लोक बातमी द्यायला फोन करत नव्हते. "खरं आहे का हो?" हे विचारायलाही नव्हते. "तुम्ही छापणार ना?" हे विचारायला करत होते. खरंखोटं त्यांनी देवळात जाऊन ठरवलं होतं, आमच्याकडून फक्त शिक्का हवा होता. एजन्सीच्या बातमीवरून एवढंच कळत होतं की सुरुवात पहाटे दिल्लीत झाली आणि दुपारपर्यंत देशभर पसरलं. संध्याकाळी लंडनच्या साउथॉलमधल्या मंदिरातही रांगा लागल्याचं आलं. लक्षात घ्या, देशातला मोबाइलवरचा पहिला कॉल त्याच वर्षी ३१ जुलैला झाला होता आणि विदेश संचार निगमचं इंटरनेट १५ ऑगस्टला सुरू झालं होतं. म्हणजे ही बातमी पळाली ती घरच्या फोनवर आणि एसटीडी बूथवर. पैसे मोजून. फुकटात काही फॉरवर्ड होत नव्हतं.

रात्री मथळ्यावरून भांडण. एक म्हणाला, 'गणपती दूध प्यायला'. दुसरा म्हणाला, 'गणपती दूध प्यायल्याची अफवा'. पहिला मथळा लावला तर आमची अक्कल निघणार, दुसरा लावला तर काचा फुटणार. शेवटी 'भाविकांचा दावा' असं ठरलं. 'दावा' हा शब्द म्हणजे उपसंपादकाची कवचकुंडलं. पण सोबत फोटो लावला पाच कॉलमी: सोंड, सोंडेला चमचा आणि चमचा धरणाऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी. मजकुरात 'दावा' आणि फोटोत सोंड. वाचकाने फोटो वाचला.

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या शास्त्रज्ञांनी दिल्लीत रंगीत दूध पाजून दाखवलं, दूध मूर्तीच्या अंगावरूनच खाली ओघळतं हे उघड झालं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीची मंडळी इथेही गावोगाव तेच सांगत फिरत होती. ते आम्ही कुठे छापलं? आतल्या पानावर, टेंडर नोटिसांच्या शेजारी. त्या पानावरून एकही फोन आला नाही.

अवांतर: त्या रात्री ऑफिसात सगळ्यांना कोरा चहा मिळाला. कँटीनवाल्याचं दूधही देवळात गेलं होतं.


भौतिक_ताप · शुक्रवार, सकाळी ७:०५

बत्तीस वर्षं नववी-दहावीला शिकवलं, त्यामुळे खाज आहे, माफ करा.

लोक सरसकट 'केशाकर्षण' म्हणून मोकळे होतात. दगडाची किंवा मातीची मूर्ती थोडंफार शोषून घेईलही, पण त्या दिवशी पितळेच्या आणि चांदीच्या मूर्तीही 'प्यायल्या'. पितळ काय शोषणार? खरा खेळ पृष्ठताणाचा. चमचा काठोकाठ भरला की दूध काठाच्या वर किंचित फुगतं. तो फुगवटा सोंडेच्या वळणाला टेकला की दूध त्या पृष्ठभागाला चिकटून पातळ पापुद्र्यासारखं पुढे सरकतं. एकदा वाट ओली झाली की मागचं दूध त्याच वाटेने ओढलं जातं. पांढऱ्या संगमरवरावर तो ओघळ दिसत नाही आणि आधीच भिजलेल्या मूर्तीवर तर मुळीच नाही. म्हणून पहिल्यापेक्षा पन्नासाव्या भाविकाचं दूध झरझर संपायचं. रांग जितकी लांब, तितका देव तहानलेला.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, मी वर्गात काचेचा पेला उपडा ठेवला, चमच्यात दूध घेतलं, चिमूटभर कुंकू मिसळलं आणि पेल्याला पाजलं. पेला प्यायला. पोरं हसली. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र हसली नाही. सुटीत येऊन म्हणाली, "सर, तुम्ही घरी आईला नका सांगू मी हे बघितलं म्हणून." मी सांगितलं नाही. आजही त्या मुलीचा विचार आला की वाटतं, प्रयोग बरोबर होता, वेळ चुकली होती. की वेळ तीच बरोबर होती? ठरत नाही.


नामयाचा_वासरू · सकाळी ८:१५

गुरुजी, नमस्कार. माझी माळ आहे, चोवीस वाऱ्या झाल्यात. तुमचं विज्ञान मला मान्य आहे आणि तरी मला तुमचा वर्गातला पेला खुपतो.

आमच्याकडे देवाला दूध पाजण्याची गोष्ट पंच्याण्णवची नाही. नामदेव लहान असताना वडिलांनी नैवेद्य घेऊन पाठवलं, देव जेवेना, तेव्हा पोराने हट्ट धरला, डोकं आपटायला निघाला आणि विठ्ठलाला जेवावं लागलं. ही गोष्ट कीर्तनात शेकडो वेळा ऐकली असेल. पण कुणी महाराज कधी म्हणाले नाहीत की चला, आपणही ताट घेऊन पंढरपूरला जाऊ आणि बघू जेवतो का. गोष्टीत देव जेवतो तो त्या पोराच्या कासाविशीमुळे. त्या गुरुवारी आम्ही रांगेत उभं राहून, घड्याळ बघत, देवाची तपासणी केली. मीही केली. उभा होतो. म्हणून म्हणतो, त्या दिवशी श्रद्धा जास्त झाली नव्हती, कमी पडली होती. ज्याला खात्री आहे तो पुरावा कशाला मागेल?

आता कुणीतरी नवसावरची तुकोबांची ओळ टाकणारच. ती आम्हाला पाठ आहे, कृपया त्रास घेऊ नये.


सदाशिवपेठी_उंदीर · सकाळी ८:३१

टंकत होतो तेवढ्यात शेवटचं वाक्य वाचलं. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).


सडेतोड · सकाळी ९:५०

सगळा धागा वाचला. नेहमीचंच. चमचा आमच्याच देवाला, पृष्ठताण आमच्याच देवाला. बाकीच्यांचे चमत्कार चालू द्या, तिथे तुमचं विज्ञान रजेवर. म्हणूनच लोकांचा पेपरवाल्यांवरचा विश्वास उडालाय. डेस्कवरच्यांनी स्वतःच कबूल केलं की.


वसईचा_वारा · सकाळी ११:०२

सडेतोड, घ्या, आमच्या घरचा देतो. मी वसईचा, मराठी ख्रिस्ती, मिस्सा मराठीत ऐकणारा.

मार्च २०१२. पार्ल्याच्या इर्ल्यात वेलंकणी मातेचं चर्च आहे, तिथल्या क्रुसावर येशूच्या पायातून पाणी ठिबकायला लागलं. लोक बाटल्या घेऊन गेले. आमच्या आळीतून एक टेम्पो गेला. सनल एडामारुकू नावाचे बुद्धिवादी दिल्लीहून आले, बघितलं आणि सांगितलं की जवळच्या संडास-बाथरूमचा निचरा तुंबलाय, ते पाणी भिंतीतून वर चढतंय आणि लाकडातून खिळ्यापर्यंत येतंय. गुरुजी, इथे मात्र केशाकर्षणच. पुढे टीव्हीवर वादावादी झाली, चर्चवर त्यांनी आणखी बरंच बोलून घेतलं. मग त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या, कलम २९५-अ खाली तक्रारी दाखल झाल्या आणि ते फिनलंडला निघून गेले. म्हणजे विज्ञान रजेवर नव्हतं, त्याला देश सोडावा लागला.

आमच्या घरी काय झालं ते सांगतो. आईने आणलेली बाटली देवघरातल्या आल्तारापाशी होती. मी पेपरातली बातमी वाचून दाखवली. आई म्हणाली, "पेपरवाल्यांना चर्चचं वाईटच दिसतं." मग आमच्या फादरांनी रविवारी प्रवचनात नाव न घेता दोनच वाक्यं सांगितली, की विश्वास ठेवायला ठिबकणाऱ्या पाण्याची गरज नसते आणि असलं पाणी पिऊ नये. घरी येऊन आईने बाटली मोरीत ओतली. बातमी तीच. सांगणारा बदलला.


खाडीपलीकडे · दुपारी १२:२०

चला, आमचाही हिशेब चुकता करतो. १८ ऑगस्ट २००६, शुक्रवारची रात्र. माहीमचं पाणी गोड झालं म्हणून अख्खी मुंबई खाडीवर लोटली. मखदूम शाह बाबांची करामत म्हणून आमचे लोक, आणि आमचे बघून तुमचेही. एकाच लाटेत टोपीवाला, टिळेवाला, क्रूसवाला, सगळे ओंजळ भरून पिताहेत. असली एकी मुंबईत पुन्हा पाहिली नाही, आणि ती कशासाठी, तर गटाराचं पाणी पिण्यासाठी. महापालिका ओरडून सांगत होती, पिऊ नका. पावसाळ्यात मिठी नदी भरून वाहते, तिचं पाणी खाडीत तुंबतं आणि खारटपणा कमी होतो, एवढंच. नाव मिठी असलेली नदी गोड लागली तर त्यात नवल काय म्हणा. वर्षभरापूर्वीच, २६ जुलैला, ह्याच मिठीने घरं बुडवली होती. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. तेव्हा तिला शिव्या, आता करामत.

मी प्यालो का? प्यालो. चुलतभावाने हातात बाटली दिली, "नको" कसं म्हणणार? तीन दिवस पोट धरून होतो. तिकडे बरेलीहून मूर्ती पुन्हा दूध प्यायला लागल्याची बातमी आली ती ह्याच दोन-तीन दिवसांत. चॅनलवाल्यांनी अर्ध्या पडद्यावर समुद्र आणि अर्ध्यावर सोंड ठेवली होती. मी दोन्ही बघत झोपून होतो.


संपादक · दुपारी १२:३५

सडेतोड यांना उत्तर मिळालेलं आहे. त्यांचे त्यानंतरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. विषयावर राहा.


ढगातली_पोर · दुपारी ३:४८

मी पंच्याण्णव साली जन्मलेही नव्हते, तरी बोलू का? तुम्ही सगळे 'पूर्वी पेपरवर विश्वास होता' असं गृहीत धरून चाललाय. माझ्या आजोबांचा होता. 'छापून आलंय' म्हटलं की घरात वाद मिटायचा. बाबांचा अर्धा होता. माझा शून्य आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. संध्याकाळी चॅनल लावलं की आठ चौकटींत आठ माणसं भुंकतात. त्यापेक्षा एक मुलगी तिच्या स्वयंपाकघरात बसून बजेट समजावते, ते मला पटतं. तिच्या मांजराचं नाव मला माहीत आहे. चुकली तर दुसऱ्या दिवशी "मी चुकले" म्हणते. तुमच्या कुठल्या संपादकाने पहिल्या पानावर असं म्हटलंय?

आणि हो, आमच्या पिढीला नास्तिक समजू नका. माझ्या मैत्रिणी देवळात जात नाहीत, पण ११:११ वाजले की डोळे मिटतात. नोकरी 'मॅनिफेस्ट' करतात, टॅरोवालीला पैसे देतात. मी स्वतः बुध वक्री असताना लॅपटॉप घेतला नाही. हसा.


डेस्कवरचा_जुना · दुपारी ४:३०

हसत नाही, कारण ते दुकान आम्हीच थाटलं होतं. आणखी एक कबुली. एकदा राशिभविष्य लिहिणाऱ्यांचा मजकूर आलाच नाही. मी जुन्या अंकातलं घेतलं, राशी उलटसुलट केल्या आणि लावलं. एकही पत्र आलं नाही. शब्दकोड्यात एक चौकट चुकली होती तेव्हा तीस पत्रं आली होती. पहिल्या पानावर अंधश्रद्धेवर अग्रलेखाची जाहिरात आणि आत मेष-वृषभ, हे आम्ही वर्षानुवर्षं केलं.

तुझा 'पहिल्या पानावर' वाला प्रश्न लागला. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत वेगवेगळ्या मराठी पेपरांत एकाच नेत्याच्या कौतुकाचा मजकूर शब्दशः सारखा छापून आला होता, लेखकांची नावं तेवढी वेगळी. पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'तून ते बाहेर काढलं. पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द तेव्हा आपल्याकडे घरोघरी गेला. ज्याने तो सारखाच मजकूर दोन पेपरांत वाचला असेल, त्याला मी कोणत्या तोंडाने सांगू की व्हॉट्सॲपवर विश्वास ठेवू नका, आमच्यावर ठेवा?

मग मार्च २०२० आला. पेपरला हात लावला की करोना होतो, हा फॉरवर्ड पेपरपेक्षा आधी दारात पोचला. मुंबईत काही दिवस पेपर आलाच नाही. आमच्या सोसायटीतल्या ज्या म्हाताऱ्यांची पन्नास वर्षांची सवय तेव्हा मोडली, त्यातल्या बऱ्याच जणांनी तो पुन्हा लावला नाही. अफवेचं खंडन करणं ज्याचं काम, त्यालाच अफवेने दाराबाहेर ठेवलं.


कलम_बहाद्दर · सायंकाळी ५:१०

वकिली टीप, थोडक्यात. रात्री उशिरा चॅनलवर 'अमुक यंत्र घरी आणा, बरकत येईल' अशा जाहिराती चालायच्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये त्या बेकायदा ठरवल्या, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली. यंत्र विकणाराच नाही, जाहिरात दाखवणारं चॅनलही जबाबदार. ज्या कायद्यासाठी डॉ. दाभोलकर अनेक वर्षं झगडले, त्याचा अध्यादेश निघाला तो २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात पुलावर त्यांचा खून झाल्यानंतर चार दिवसांनी. तारखा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत म्हणून दिल्या.


साक्रीकडचा · रात्री ९:४४

दूध, पाणी, बुध, सगळं वाचलं. मजा आली. आता माझं ऐका.

मी धुळे जिल्ह्यातला, साक्री तालुक्यातला. १ जुलै २०१८, रविवार, राईनपाड्याचा आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण गावात आले, मंगळवेढ्याकडून. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. लोकांनी त्यांना मुलं पळवणारी टोळी समजून धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठार मारलं. पाचही. त्या पावसाळ्याच्या तोंडाला प्रत्येक मोबाइलवर मुलं पळवण्याचे व्हिडिओ फिरत होते. देशभर फिरलेला त्यातला एक तर कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. तिच्यात शेवटी पळवणारा पोराला परत आणून सोडतो. तेवढा तुकडा कापून टाकला होता.

डवरी म्हणजे कोण, ते शहरातल्यांना सांगायला हवं. डौर वाजवत, भैरवनाथाची गाणी म्हणत दारोदार येणारी माणसं. माझ्या लहानपणी दारात कोण आलं ते वेषावरून कळायचं. मोरपिसांची टोपी म्हणजे वासुदेव. पहाटेच्या अंधारात कंदील म्हणजे पिंगळा. गुबुगुबु आवाज म्हणजे नंदीबैल. आजी आतूनच सांगायची, "गोसावी आलाय, पीठ घाल." नाव माहीत नसायचं, गाव माहीत नसायचं. वेष हीच ओळख आणि त्या ओळखीवर पायलीभर विश्वास. शेकडो वर्षांचा.

तो फॉरवर्ड नेमका तिथे घुसला. त्यात लिहिलेलं असायचं, टोळी साधू-भिकाऱ्याच्या वेषात येते. म्हणजे ज्या कपड्यांवर विश्वास होता, तेच कपडे पुरावा झाले. घटनेच्या आधी आठवडाभर आमच्या घरातही तो मेसेज आला होता. कुणी पाठवला? माझ्या सख्ख्या मेव्हण्याने. "पोरांना सांभाळा ताई" असं वर लिहून. शिकलेला माणूस, शिक्षक. त्याचा हेतू वाईट होता का? तो बहिणीच्या पोरांच्या काळजीने पाठवत होता. मीही पुढे पाठवला. दोन ग्रुपवर. भावाच्या काळजीने, शेजाऱ्याच्या काळजीने.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं केलं आणि 'फॉरवर्डेड' अशी चिठ्ठी लावायला सुरुवात केली. पाच. आकडा वाचला तेव्हा पोटात ढवळलं.

आता आमच्याकडे गोसावी येत नाही. नंदीबैलवाला आलाच, तर आधार कार्डाची झेरॉक्स गळ्यात अडकवून.


काळी_माती · रात्री ९:५८

...


नामयाचा_वासरू · रात्री १०:३०

साक्रीकर, काही लिहिण्यासारखं नाही. सकाळी मी 'श्रद्धा कमी पडली' वगैरे मोठं बोललो. दारातल्या माणसावरची श्रद्धा त्यात धरली नव्हती.


सडेतोड · रात्री १०:५२

माझे उडवलेले प्रतिसाद परत आणू नका, राहू द्या. साक्रीकर, तो मेव्हणा आता बोलतो का तुमच्याशी?


साक्रीकडचा · रात्री ११:१५

बोलतो. त्या विषयावर नाही. पण तेव्हापासून काही आलं की पुढे पाठवायच्या आधी मला फोन करतो. मेसेज नाही, फोन. बहुतेक वेळा मलाही खरं काय ते ठाऊक नसतं. दोघं मिळून "राहू दे मग" म्हणतो.


पाटावरवंटा (धागाकर्ती) · शनिवार, दुपारी १:०५

रात्री झोप लागली नाही. सकाळी मामीला फोन केला. (मेसेज नाही.)

आधी चौकशी, गुडघे, पाऊस. मग विचारलं, "मामी, पंच्याण्णव साली मामाला कुणी सांगितलं होतं गं?" तिला लख्ख आठवत होतं. मामाच्या ऑफिसात दिल्लीच्या शाखेतून फोन आला होता, साहेबांना. साहेबांनी मामाला सांगितलं, मामाने ऑफिसातूनच तिला कळवलं आणि मग घरी येऊन बूथवरून साताऱ्याला आईला. एकूण तीन फोन आणि दिल्लीची पहाट आमच्या वाड्यात. साहेबांचा फोनवाला कोण, ते मामालाही माहीत नव्हतं.

मग धीर करून विचारलं, "तू पाजलंस तेव्हा दूध खाली आलेलं दिसलं नाही?"

"दिसलं की," मामी म्हणाली. "खाली पातेलं ठेवलं होतं. ते दोनदा भरलं. मीच रिकामं केलं."

"मग?"

"मग काय? तीर्थ म्हणून वाटलं. अगं, तुझ्या मामाची आई होती तेव्हा. सासरे गेल्यापासून दोन वर्षं देवळाची पायरी चढली नव्हती. हळदीकुंकवाला कुणी बोलवत नव्हतं तिला. त्या दिवशी रांगेत कुणी विचारलं नाही कोण सवाष्ण आणि कोण नाही. तिने पाजलं. रडली. मी पातेल्याकडे बघू की तिच्याकडे?"

मला काही सुचेना. मी म्हटलं, "आणि परवाचा व्हिडिओ?" त्यावर ती फटकन म्हणाली, "तो खोटा असेल, मला काय माहीत. मला तो वन्संनी पाठवला. पण त्या कार्ट्याला म्हणावं, सहा बोटं मला एकटीला दाखवायची होती, सगळ्यांसमोर नाही."

भाच्याला हे जसंच्या तसं कळवलंय. त्याने 'सीन' केलंय, उत्तर नाही.


डेस्कवरचा_जुना · दुपारी १:४०

पातेल्याची बातमी आमच्या पाच कॉलमी फोटोत आली नाही. फोटो खाली कापला होता.


भौतिक_ताप · दुपारी २:१०

पाटावरवंटा, मामींना साष्टांग.

तीन जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून प्रयोग नीट विचारलाय म्हणून लिहितो. पेला बाहेरून आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या. चमचा काठोकाठ भरा, टोक पेल्याला हलकं टेकवा आणि चमचा केसभरच कलता करा. जास्त कललात तर नुसतं सांडेल आणि मग माझ्या नावाने शंख कराल. कुंकू चिमूटभरच. आणि खाली पातेलं ठेवा.


ढगातली_पोर · सायंकाळी ७:२२

केला! स्टीलचा पेला पूर्ण एक चमचा प्यायला. दूध लपूनछपून मागच्या बाजूने उतरतं, कुंकू नसतं तर खरंच कळलं नसतं. धाकट्या भावाने व्हिडिओ काढला. म्हणाला, फॅमिली ग्रुपवर टाकू का, 'आमचा पेला दूध पितो' म्हणून? मी म्हटलं, अजिबात नाही.

टाकलाच असेल. आजीचा फोन वाजतोय.